पाचवी ओळ

नळाला पाणी सुटलं आणि मला कळलं नाही. झालं ते एवढंच. भवानी पेठेतल्या आमच्या घराच्या पायरीवर मी मांडीवर वही घेऊन बसलो होतो, नळ डाव्या अंगाला, दोन हातांवर, आणि नळाखाली बादली नव्हती. आमच्याकडं पाणी चार दिवसाआड येतं. चार दिवसाआडचं पाणी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी चोवीस तास नळ वाहतो त्याला सांगून कळत नाही. त्या सकाळी आमच्या गल्लीत कुणी बाहेरगावी जात नाही, आणि मयतीला जावंच लागलं तर एक माणूस नळापाशी ठेवून जातात. पाण्याच्या आधी नळातून वारा येतो. बारीक, शिट्टीसारखा. ती शिट्टी गल्लीत सगळ्यांच्या आधी ऐकणारा माणूस म्हणून वीस वर्षं माझं नाव होतं. समोरची गोजाबाई अजून सांगते, सिद्धप्पा पायरीवरून उठला की आम्ही घागरी काढायचो, घड्याळ कशाला बघायचं. तर तोच मी, तीच पायरी, आणि पाणी माझ्या शेजारून गटारात चाललेलं. पायाला गार लागलं तेव्हा मी वहीतून मान वर केली. गोजाबाई तिच्या दारातून दोन्ही हात हलवत होती आणि मला वाटलं, ही कुणाला बोलावते आहे? तोवर रत्नम्मा, माझी बायको, आतून धावत आली. तिनं पाणी बघितलं, मला बघितलं आणि तिच्या तोंडातून एक शब्द गेला. किवुड. आमच्या घरात जे कन्नड बोलतात त्यात किवुड म्हणजे बहिरा. तो शब्द मला ऐकू आला नाही. तो मी तिच्या ओठांवर वाचला. बत्तीस वर्षं यंत्रमागांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात. आणि मी वाचला हे तिनं माझ्या तोंडावर वाचलं, हातातली बादली नळाखाली ढकलली आणि आत निघून गेली. त्या दिवशी आमची दोन पिंपं अर्धीच राहिली. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडताना माणूस ओरडतं तरी, आणि ओरडलेलं मला ऐकू येतं.

वहीत मी यादी करत होतो. महेश्वरी, आमची एकुलती एक, करमाळ्याला सरकारी कचेरीत लागली त्याला वर्ष होत आलं. फोनवर मी तिच्याशी बोलत नाही. म्हणजे फोन घेतो, ‘रेंज न्हाय गं’ म्हणतो आणि रत्नम्माच्या हातात देतो. म्हणून ती मला लिहून पाठवते. तिनं लिहिलं होतं: अप्पा, तुम्हाला काहीतरी घ्यायचं आहे. यादी करा. घराला काय लागतं ते नको, तुम्हाला काय पाहिजे ते. ज्यानं तुमचं जगणं थोडं बरं होईल अशा पाच वस्तू. सुट्टीला आले की बघणार. आणि खाली, मला समजावं म्हणून, मोबाइलवर कुणीतरी लिहिलेला एक लेख जोडला होता, जगणं बदलून टाकणाऱ्या वस्तूंचा. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा डोकं फिरलं. त्यात मनःशांतीसाठी वासाची मेणबत्ती होती. आमच्याकडं मेणबत्ती लाइट गेल्यावर लावतात, आणि लाइट गेली की मजुरी बुडते; कसली शांती. त्यात झोपताना कानात घालायचे बोळे होते, शहराच्या गोंगाटापासून सुटका म्हणून. बोळे! ज्यानं हे लिहिलं त्याला मी आमच्या पत्र्याखाली चाळीस मागांच्या मधोमध एक पाळी उभा करतो. अशा बत्तीस वर्षांच्या पाळ्या भरल्या की सुटकाच सुटका, बोळे विकत घ्यायला नकोत. त्यात असंही होतं की वस्तू घेण्याआधी स्वतःला विचारा, ही मला आनंद देते का. अरे, ज्यानं जन्मात ‘किती दिवस टिकंल’ याशिवाय दुसरा प्रश्न दुकानदाराला विचारला नाही, त्याला तू आनंद विचारतोस. पण एवढा राग येऊनही मी वही शोधायला उठलो, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. मोठेपणी मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. लहानपणी आई ताट वाढताना विचारायची, एन बेकु, काय पाहिजे, आणि आम्ही पाचही भावंडं एका सुरात म्हणायचो, एनू ब्याड, काही नको. पातेल्यात किती उरलंय ते आम्हाला दिसत असायचं. ते ‘ब्याड’ जिभेवर असं बसलं की छप्पन्नाव्या वर्षी ‘बेकु’ लिहायची वेळ आली तर उघडलेली वही मी पुन्हा मिटली.

पहिली ओळ लिहायला मला दोन दिवस लागले. टॉवेल. हसणाऱ्यांनी हसावं. मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करून देणारा, मागांचा डॉक्टर म्हणा. आमचा टॉवेल कुठं कुठं जातो, कुठल्या देशातल्या कुठल्या हॉटेलात घडी होऊन बसतो, मला ठाऊक नाही. पण जगाचं अंग पुसणाऱ्या या गावात माझ्या घरी आजवर एकही फर्स्ट टॉवेल आलेला नाही. आम्ही वापरतो तो सेकंड. धागा सुटलेला, काठाला तेलाचा डाग पडलेला, मध्येच वीण विरळ झालेला. मला हळद लागली ती सेकंडनं पुसली. महेश्वरी जन्मली तेव्हा तिला गुंडाळलं तोही सेकंड; त्याला एका टोकाला भोक होतं आणि त्या भोकातून तिचं करंगळीएवढं बोट बाहेर आलेलं मला अजून दिसतं. ते भोक मीच लावलेल्या मागावर पडलं असणार. तर, एक: टॉवेल, फर्स्ट. दोन: मऊ तळाची चप्पल, कारण दिवसभर सिमेंटवर उभं राहून टाचा कामातून गेल्यात. तीन: हातांची खुर्ची. आमच्या घरात बसायला पाट आहेत, खाट आहे, पायरी आहे. हात टेकून उठता येईल असं काही नाही. चौथी ओळ मी नियम मोडून रत्नम्मासाठी लिहिली. भाकरीचं मशीन. गोळा ठेवून दाबलं की भाकरी होते असं एक बाजारात बघितलं होतं. गेली दोन-तीन वर्षं तिच्या भाकरीचा आवाज येईनासा झाला होता. पूर्वी मी बाहेरच्या खोलीत दाढी करत असलो तरी आतून यायचा, ठप् ठप् ठप्, मध्ये बांगड्या, मग परात फिरवल्याची खरखर. आता काही नाही. मला वाटलं, हातात जोर राहिला नाही बिचारीच्या, हळू थापते. भाकरी पहिल्यासारखीच पातळ, पहिल्यासारखीच कडक, हे मी रोज खात होतो. तरी मला तसंच वाटलं. आणि पाचवी ओळ कोरी होती. पाण्याच्या दिवशी पायरीवर बसून मी त्या कोऱ्या ओळीकडंच बघत होतो.

ती कोरी का, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. जॉबरचं हत्यार पान्हा नव्हे, कान. बाहेरच्या माणसाला कारखान्यात पाय ठेवला की एकच खडखडाट ऐकू येतो. मला चाळीस ऐकू यायचे, वेगवेगळे, एका घरातल्या माणसांसारखे. आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत बसतो त्या ठोक्यात केसाएवढा फरक पडला की दहा माग ओलांडून मी नेमका त्या मागापाशी जायचो, विणकराला कळायच्या आधी. त्या कानावर मी घर चालवलं. पोरगी शिकवली. मग तो जायला लागला. जाताना त्यानं सांगितलं नाही. आधी बारीक आवाज गेले, चिमण्या, बशीतला चमचा, नळाची शिट्टी. मग बायामाणसांच्या बोलण्यातलं प्रत्येक वाक्याचं शेपूट गेलं, आणि वाक्याचं शेपूट गेलं की ते हो आहे की नाही तेच कळत नाही. कारखान्यात मात्र कुणाला पत्ता लागला नाही, कारण तिथं सगळेच बहिरे. माग चालू असताना कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही; मागाचा नंबर बोटांनी सांगायचा, चहा अंगठा तोंडाशी नेऊन, मालक आला तर कॉलरला हात. बहिऱ्याला लपायला मागाच्या कारखान्यासारखी जागा दुसरी नाही. आणि कधीतरी, मला न विचारता, माझ्या हातानं कानाचं काम उचललं. मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवला की ठोका मनगटातून कोपरात येतो आणि कुठं अडतंय ते कोपर सांगतं. मी हिंडताना प्रत्येक मागाला हात लावत जायला लागलो, देवळात खांबांना लावावा तसा. लोकांना वाटलं, सिद्धप्पाचा मागांवर जीव आहे. भीती मला गोंगाटाची नव्हती. भीती लाइट जाण्याची. लाइट गेली की चाळीस माग एकदम बंद पडतात, कारखाना विहिरीसारखा गप्प होतो, आणि माणसं बोलायला लागतात. दिवसभराच्या गप्पा, टवाळी, कुणाच्या पोरीचं ठरलं, कुणाचा गुडघा धरला. तेव्हा मी बिडी काढून मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहायचो. सिद्धप्पाला गर्व झालाय, असंही लोक म्हणाले असतील. म्हटलं असलं तरी मला ऐकू आलं नसेल.

त्या भिंतीपाशी माझ्या आधी दुसरा माणूस उभा राहायचा. कल्लप्पा. ज्यानं मला काम शिकवलं तो जॉबर. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर त्याच्यापाशी असायचा. टोक मागाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. ‘आता डोळे मीट आनि आत जा,’ तो म्हणायचा, आणि खरंच मी मागाच्या आत जायचो. मूठ त्याच्या तेलानं आणि घामानं काळी झाली होती, माझ्या कानाला त्याचा वास लागायचा. तर हा कल्लप्पा लाइट गेली की बिडी घेऊन मागं जायचा. मी तेव्हा अठ्ठावीसचा. एकदा त्याला बोलवायला मी मागं गेलो, पाठीमागून हाक मारली, पुन्हा मारली, तिसऱ्यांदा जवळ जाऊन मारली. तो बिडीच्या टोकाकडं बघत उभा. दोन पावलं पुढं होऊन मी त्याच्या खांद्याला हात लावू शकलो असतो. लावला नाही. मी तसाच मागं फिरलो आणि थेट ऑफिसात जाऊन मोठ्या मालकाच्या टेबलापाशी वाकून हळू आवाजात सांगितलं, ‘मालक, जॉबरला ऐकू येत नाही.’ ‘कल्लप्पामास्तरला’ असं म्हणालो नाही. ‘जॉबरला’ म्हणालो, जसा काही मागाचा एखादा सुटा भाग. मालक म्हणाला, ‘महिनाअखेरपर्यंत बघतो.’ महिनाअखेरीला कल्लप्पानं तो स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या हातानं मला दिला. ‘घे. तुला ऐकू येतंय.’ एवढंच. त्याला माझं सांगणं कळलं होतं की नाही, हे मी त्याला जिवंतपणी विचारलं नाही. नंतर तो एका शाळेच्या फाटकावर बसायचा. शाळा सुटल्याची घंटा त्याला पोरं अंगावर आली की कळायची. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं. माणसं म्हणतात, पोटासाठी करावं लागतं. पोटासाठी नव्हतं ते. माझं पोट चाललं होतं. मला ती जागा पाहिजे होती. आयुष्यात मी खरंखुरं ‘बेकु’ म्हणालो ते एकदाच, आणि ते असं.

महेश्वरी सुट्टीला सकाळीच आली. पिशवी खाटेवर टाकली, आणि पाणी प्यायच्या आधी हात पुढं केला. “वही.” मी दिली. ती माझ्यासमोर पाटावर बसली, म्हणून तिचं सगळं मला दिसत होतं.

“टॉवेल? अप्पा, टॉवेल?”

“फर्स्ट. सेकंड आनलास तर करमाळ्याला परत धाडीन.”

“मला वाटलं तुमी नवा मोबाइल लिवताय.”

“जुन्यात तू येतीस की. नव्यात आनि कोन येनार?”

रत्नम्मानं आतल्या दारातून डोकं बाहेर काढलं. “खुर्ची पन लिवलीय बघ. हात असलेली. कुटलं राज्य चालवायचंय कुनास ठाऊक,” आणि डोकं आत गेलं. महेश्वरी हसत होती. मग चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

“भाकरीचं मशीन? हे कुनाला?”

“तुझ्या अव्वाला. नेम मोडला, मोडू दे. हातात जोर न्हाय राहिला तिच्या. दोन वर्षं झाली, थापल्याचा आवाजच येत न्हाय.”

“अव्वाच्या?” तिनं मान मागं टाकून हसायला सुरुवात केली. “अवो, मी गल्लीत वळले तर कोपऱ्यावर ऐकू आलं, अव्वा भाकऱ्या थापतीया. गोजाबाई दारातच म्हनली, जा, तुझी आई तुझ्या नावानं परात फोडाय लागलीय…” आणि मग ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं आणि आतून निघून गेलं. तिनं आतल्या दाराकडं बघितलं. मीही बघितलं. रत्नम्मा पुन्हा दारात आली होती, कोपरापर्यंत पीठ. ती आत्ता भाकरी थापत होती. आम्ही बोलत होतो तेवढा सगळा वेळ.

पोरगी उठली आणि माझ्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. मला कळलं ती काय करते आहे. हेच मी केलं होतं, त्या भिंतीपाशी. मी समोर बघत बसलो. मागं ती काही बोलली असणार, कारण माझ्यासमोर उभी असलेली रत्नम्मा रडायला लागली. पिठाचे हात तिनं डोळ्यांना लावले नाहीत, तशीच उभी राहिली. मग महेश्वरीचा हात माझ्या खांद्यावर आला. एवढी दोन पावलं ती चालली, जी मी चाललो नव्हतो. ती पुढं येऊन गुडघ्यांवर बसली आणि शब्द सुटे सुटे करून बोलली, शहाण्या माणसाला येड्यासारखं वागवतात तसं, आणि मला त्याचाही राग आला.

“अप्पा, मशीन मिळतं कानाचं. पाचवी ओळ ती लिवा.”

“कारखान्यात मशीन लावून फिरू? जॉबर?”

“आत बसनारं मिळतं. एवढंसं. कुनाला दिसत न्हाय. कारखान्यात कळनार पन न्हाय.”

“हितं बोंबललेलं कळत न्हाय ह्यांना,” रत्नम्मा म्हणाली, आणि मग तिनं जे सांगितलं ते मला कधीही सुचलं नसतं. ती माझ्याकडं बघून बोलत नव्हती, पोरीला सांगत होती, पण तोंड माझ्याकडं होतं, म्हणून मी वाचलं. “तीन वर्सं मला वाटत हुतं, ह्यांना माझं बोलनंच नको झालंय. मी बोलायची, हे उटून भायेर जायाचे. म्हनलं, वय झालं, कटाळले असतील. मग मी बी बोलायचं सोडलं. पान्याच्या दिवशी तो शबूद तोंडातनं गेला आनि तवा कळलं.” तिनं नाक दंडाला पुसलं. “नुसतं बहिरं झालेत हे, बया! मला वाटलं, माझंच काय चुकलं.”

महेश्वरी दोन दिवस राहून गेली. जाताना पाचवी ओळ कोरीच होती. मी म्हणालो, लिहून पाठवतो. आतलं, न दिसणारं. किती सोपं होतं ते. माझं घर मला परत मिळणार होतं, रत्नम्माच्या वाक्यांची शेपटं, नळाची शिट्टी, आणि कारखान्यात कुणालाही काही कळणार नव्हतं. जॉबर तो जॉबर. मी ते लिहायला दोनदा बसलो. दोन्ही वेळा हाताला त्या लाकडी मुठीचा तेलकट वास आला. वास खरा नव्हता. स्क्रूड्रायव्हर कारखान्यात पेटीत पडलेला होता. कल्लप्पाला असलं मशीन मिळालं असतं तर त्यानं काय केलं असतं? लपवलंच असतं. का नाही लपवणार. त्याला ठाऊक होतं, त्याच्या हाताखाली कोण उभा आहे. आम्हाला ऐकू न येण्याची लाज वाटत नाही. बत्तीस वर्षं लोखंडानं कानावर मारलं, त्याची लाज आम्हाला का वाटावी, ती वाटायची असेल तर ज्याचा पत्रा आहे त्याला वाटावी. आम्हाला भीती वाटते ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाची, जो दोन पावलं पुढं येणार नाही. असं किती जण त्या पत्र्याखाली हात हलवत, हसत, मान डोलवत फिरतात? आणि प्रत्येकाला वाटतं, मी एकटाच.

चार दिवसांनी दुपारी लाइट गेली. माग एकेक करून नव्हे, एका दमात थांबले, आणि ते गप्पपण माझ्या अंगावर आलं. सवयीनं हात खिशात बिडीकडं गेला. कासीम, सात नंबरचा विणकर, माझ्याच वयाचा, माझ्याकडं बघत होता. हा कासीम गेली तीन-चार वर्षं माग अडला की नॅपकिन उंच धरून हलवतो, मी बघेपर्यंत. माणसं टेकली, कुणी डबा उघडला. मालक, म्हणजे मोठ्या मालकाचा मुलगा, ऑफिसच्या दारात फोन बघत उभा होता. मी बिडी आत ढकलली आणि भिंतीकडं गेलो नाही. दोन रांगांच्या मधल्या वाटेत गेलो आणि सांगितलं, “मालक, जॉबरला ऐकू येत नाही.”

बहिऱ्याला स्वतःचा आवाज किती मोठा झाला ते कळत नाही. हे मी टेबलापाशी वाकून सांगितलं नव्हतं एवढं नक्की, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसानंही मान वळवली, आणि डबा उघडणाऱ्याचा हात डब्यातच राहिला. मालकानं फोन खाली केला. “कोन जॉबर?” तो म्हणाला.

“मी. तीन-चार वर्षं झाली. हातानं काम करतोय.”

कासीम त्याच्या मागाजवळून उठून माझ्यासमोर आला, तोंडात पान, त्यामुळं अर्धं मला वाचता आलं नाही, उरलेलं पुरलं. “मालूम हाय रे सिद्दू. मैं क्या झंडावंदन करताय क्या रोज, नॅपकिन लेके?” कुणीतरी हसलं. कासीमनं स्वतःच्या डाव्या कानाला बोट लावलं आणि ते बोट नकारार्थी हलवलं. “ये भी गया. बीवी को बोला नहीं.” मग पलीकडच्या रांगेत एकानं हात वर केला. शाळेत करतात तसा. मी बघितलं आणि मान फिरवली, कारण किती हात वर होतील ते मला बघायचं नव्हतं.

मालकानं ते सगळं बघितलं. त्याच्या तोंडावर दया नव्हती आणि रागही नव्हता, हिशेब होता. मग तो ओठ नीट हलवून म्हणाला, “महिनाअखेरपर्यंत बघतो.” बापाचंच वाक्य, एक अक्षर इकडंतिकडं नाही. त्याला ते कुणी शिकवलं नसणार. लाइट आली. चाळीस माग उठले. मी सात नंबरवर तळहात ठेवला. धोटा पेटीत बसताना उजवीकडं अडत होता. पान्हा आणायला पेटी उघडली, आणि तो स्क्रूड्रायव्हर काढून वर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. नळापाशी रत्नम्मानं गोजाबाईला बसवलं होतं. मी वही घेऊन आत गेलो, ओट्याला टेकून उभा राहिलो. ती थापत होती. तिच्या हाताखाली भाकरी फिरत होती, वाढत होती, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी परातीशेजारी ओट्यावर तळहात उघडा ठेवला. आला. मनगटातून कोपरात आला. ठप् ठप् ठप्. तीन वर्षं तो तिथंच होता, मी हात ठेवायचा तेवढा बाकी होता. तिनं माझा हात बघितला, थापायची थांबली नाही, उलट शेवटची दोन अशी मारली की ओट्यावरचा तांब्या हलला. मग भुवया वर केल्या. एन बेकु?

मी वही तिच्यापुढं धरली. चौथ्या ओळीवर तिनं पिठाचं बोट आडवं ओढलं, भाकरीचं मशीन गेलं. पाचव्या ओळीकडं बोट नेऊन ती थांबली. नोकरी राहील की नाही ते मी तिला सकाळीच सांगितलं होतं, ठाऊक नाही म्हणून. पेन माझ्या कानावर होतं. मी ते काढलं आणि ती वाचू शकेल इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं:

कानाचं मशीन. कानामागं लावायचं. लांबून दिसेल असं.